पालथा हात

टबाचा विषय निघाला त्या दिवसापासून म्हाताऱ्याने तोंडाला कुलूप लावलं होतं आणि किल्ली कुठे टाकली होती कोण जाणे. भांडला असता तर तिला चाललं असतं. भांडण तिच्या हातचं होतं. रोजच्या पातेल्यासारखं, कुठे पोचा, कुठे डाग, सगळं माहीत. पण हा नुसता बसायचा. पुढच्या खोलीत, मागच्या दाराकडे पाठ करून. चहा दिला तर प्यायचा, हाक मारली तर जेवायला यायचा, ताट पुसून साफ करायचा आणि पुन्हा खुर्चीत. मागच्या अंगणात कुदळी चालल्या होत्या, मुलगा फक्कीने आखलेल्या चौकोनाभोवती नवरदेवासारखा मिरवत होता, सून मजुरांना पाणी देत होती, आणि घरातला कर्ता म्हणवणारा माणूस भिंतीकडे बघत बसला होता. "अहो, भिंतीला कान असतात म्हणे, तोंड कुणी दिलेलं ऐकलं नाही. माझ्याशी बोला," ती सकाळीच म्हणाली होती. त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तेही कळू दिलं नाही. माणूस घरात असून नसल्यासारखा वागतो, याच्याइतका माज जगात दुसरा नाही असं तिचं ठाम मत होतं. आरडाओरडा करणाऱ्याला निदान समोरचा माणूस दिसतो तरी.

टब तिच्यासाठीच होता. गुडघ्यांनी दावा मांडला होता, जिना चढताना दोन्ही गुडघे जुन्या दारासारखे वाजायचे, आणि डॉक्टरने गरम पाण्यात बसायला सांगितलं तेव्हा मुलाने ते एवढं मनावर घेतलं की थेट चित्रांचं पुस्तकच घेऊन आला. उसळत्या पाण्याचा टब, मागच्या अंगणात, वरती झाकण. "मला कशाला हे राजवाड्यातले थेर," ती म्हणाली, आणि मग चष्मा लावून म्हणाली, "घ्यायचाच असेल तर तो निळा घे. तो करडा म्हणजे भांडी घासायचा हौद दिसतोय." नंतर भाजी चिरता चिरता तिने स्वतःचे पाय त्या निळ्या पाण्यात सोडून पाहिले होते, मनातल्या मनात, आणि गुडघ्यांना खरंच बरं वाटलं होतं. म्हातारा तेवढा म्हणाला, "पाण्यात वीज नको." एवढंच. आणि तिने नेहमीप्रमाणे ताडकन उत्तर दिलं होतं, "वीज पाण्यात नसते, भिंतीत असते, एवढं मलाही कळतं. आणि भिंत तुमच्या हातची आहे. मग भीती कसली?" त्याने तेव्हा तोंड उघडलं होतं. मग मिटलं. ते मिटलेलं आजतागायत.

तिला कारण कळलं होतं, म्हणजे तिला तसं वाटत होतं. मुलाने बाहेरून वायरमन बोलावला हे त्याला लागलं. ज्याने या गल्लीत घराघरात तारा ओढल्या, ज्याने आपल्या घरात एक खुंटीसुद्धा दुसऱ्याला ठोकू दिली नाही, त्याच्या बोर्डाला परका हात लागणार. आणि तो परका हातही बाईचा. बाई उंच, खांद्याला पिशवी, तोंडात दोन स्क्रू धरून बोलायची सवय, आणि बोलायची म्हणजे किती, तोंडाचा पट्टा सुरू झाला की घरमालकाने चहा विचारायलाही सवड नाही. म्हातारीने तिचं नाव विचारलंच नाही, मनात ती तिला वायरवाली म्हणू लागली. "मी नुसती भिंत बघून सांगते वायर कुठून गेलीय," वायरवालीने आल्या आल्या सांगितलं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला एक भोक पाडलं. तिथे वायर नव्हती. विटांचा भुगा ओट्यावर पडला. "भिंत बघायला विसरलीस वाटतं," म्हातारी म्हणाली, आणि दोघी एकदम हसल्या, आणि तिथून म्हातारीला ती थोडी आवडली.

टब ठेवायचा म्हणजे काय काय करावं लागतं, हे वायरवाली येईल त्याला ऐकवत होती. जमीन सपाट हवी, खाली खडी दाबून हवी, वर लोखंडी जाळी घालून काँक्रीटचा ओटा हवा, कारण पाणी भरल्यावर आणि वर माणसं बसल्यावर त्याचं वजन हत्तीच्या वर जातं आणि एका कोपऱ्याने जमीन खचली तर टब चिरतो. ओट्याखालून पाइप आधीच टाकायचा, मग त्यातून जाड वायर. मेन बोर्डापासून टबापर्यंत स्वतंत्र लाइन, वाटेत कुणाला वाटा नाही, स्वतंत्र खटका, गळती झाली की आपोआप पडणारा. एक बंद करायचा खटका टबातून दिसेल असा, पण टबात बसलेल्याचा हात पोचणार नाही असा. आणि अर्थिंग, म्हणजे चुकलेली वीज जमिनीत नेणारी वायर. अर्थिंगशिवाय बात नाही. "पाण्यात बसलेलं माणूस म्हणजे सोललेली वायर समजा आजी," ती म्हणाली. आजी म्हटलेलं म्हातारीला खपायचं नाही, पण सोललेल्या वायरीचं तिला हसू आलं. मग हाताला लागलेला भुगा धुवायला म्हणून वायरवाली मागच्या नळापाशी गेली, तोटी मुठीत धरली, आणि "अगं आई!" म्हणून हात झटकत मागे आली. तोंडातला स्क्रू खाली पडला.

"चावतो की हो नळ तुमचा!"

"सरळ हात लावायचा नसतो," म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात किंचित तोरा होता. अडाणी पाहुण्याला घरची रीत समजावून सांगताना येतो तसा. "आधी पालथा हात लावायचा, बोटांच्या मागच्या बाजूने. मग धरायचा. आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे."

वायरवालीने हात चोळला. मग हसली, पण मघासारखं नाही. "पालथा हात आम्ही लावतो आजी, कामावर. वायरीत जीव आहे का बघायला. झटका बसला की मूठ आवळली जाते ना, सरळ हात असला तर तो वायर धरूनच ठेवतो, सोडत नाही. पालथा असला तर आपोआप सुटतो. पण घरात राहणाऱ्या माणसांनी रोज नळाला पालथा हात लावायचा? हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

कुणी शिकवलं. प्रश्न साधाच होता. म्हातारीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि उत्तराच्या जागी तिला एकदम तिचा स्वतःचा हात दिसला, कोवळा, नव्या बांगड्या घातलेला, या घरात आल्याच्या दिवशीचा. घर तेव्हा नवं होतं, वीज अजून बांधकामापुरती तात्पुरती ओढलेली होती, भिंतींना ओल्या चुन्याचा वास होता, आणि या माणसाशी तिचं धड एक वाक्यही बोलून झालं नव्हतं. पाय धुवायला म्हणून ती याच नळापाशी आली आणि तोटीकडे हात नेला, आणि तो मागून आला, अगदी जवळ, आणि त्याने तिचं मनगट धरलं. कुठल्या परक्या पुरुषाने तिचा हात धरायची ती पहिली वेळ. त्याने हात वळवला, हळूच, पान उलटावं तसा, आणि तिच्या बोटांची मागची बाजू तोटीला टेकवली. "असं," तो म्हणाला. "आधी असं. नेहमी." नळ गार होता. बोटांवर मुंग्या आल्यासारखं झालं आणि तिला वाटलं की त्या मुंग्या त्याच्या हाताच्या आहेत. मग पुढचं सगळं आयुष्य, त्याच्याकडून फार काही गोड बोलणं मिळालं नाही, मिळेल अशी आशाही तिने ठेवली नाही, पण कधी एकटीने बसल्यावर आपल्याला मायेने कुणी काय केलं असं मनात आलं की तिला तो वळवलेला हात आठवायचा. तेवढ्यावर तिने भागवलं होतं. घरोघरी मातीच्या चुली, आपल्या चुलीत निदान एक निखारा आहे, असं. ती रीत तिने घरात अशी रुजवली की मुलं पाळण्यातून उतरली ती पालथ्या हाताने नळ, फ्रिज, गिझर चाचपायला शिकूनच. सून आली तेव्हा तिने तोंड वाकडं केलं, "हे काय आई, दार ठोठावल्यासारखं," म्हणाली, आणि म्हातारीने तिला ऐकवलं, "वस्तूलासुद्धा विचारून हात लावावा. तुमच्याकडे नसेल शिकवत." लेक लग्न होऊन लांब गेली, ती अजून लोकांच्या घरी नळाला मागच्या बोटांनी टकटक करते, आणि तिच्या सासूने एकदा फोनवर विचारलं होतं, तुमच्या मुलीला किळस येते का आमच्या घराची? केवढी हसली होती म्हातारी. गल्लीभर सांगत सुटली होती. आणि आता ही बाई विचारत होती कुणी शिकवलं, आणि बोटांच्या मागच्या बाजूला त्या जुन्या मुंग्या उठल्या, नळाला हात न लावताच.

"घरातल्यांनी," ती म्हणाली. "चल, बोर्ड बघ आधी. बडबड नंतर."

बोर्ड जिन्याखाली होता. वायरवालीने पुढची लाकडी फळी काढली आणि शीळ घातली, बाईमाणसाने घालू नये तशी, पण म्हातारीला ती शीळ दागिन्यासारखी वाटली. "हात आहे हो कुणाचा तरी! काटकोनात वळवलीय एकेक वायर. असं काम आता कोण करतं?" म्हातारीचं नाक आपोआप वर गेलं. तिने पुढच्या खोलीकडे बघितलं, ऐकू गेलं असणार. खुर्ची हलली नाही. फळीच्या आतल्या बाजूला प्रत्येक खटक्यापाशी त्याने एकेक चित्र रंगवलं होतं, कारण तिला अक्षरं धड लागत नव्हती. दुसरीतून शाळा सुटली ती सुटली. पंपाच्या खटक्यापाशी बादली. गिझरच्या खटक्यापाशी थेंब. जिन्याच्या दिव्यापाशी तीन पायऱ्या. आणि सगळ्यात खाली, जिथे पितळेच्या पट्टीत हिरव्या वायरी एकत्र येत होत्या, तिथे एक झाड. छोटंसं, हिरव्या रंगाचं. "हे काय?" तिने तेव्हा विचारलं होतं. "हे झाड. सगळ्या घराला धरून ठेवतं. वीज कुठे चुकली तर याच्यातून जमिनीत जाते." "मग याला मुळं का नाही काढलीत?" "मुळं जमिनीत असतात. दिसायची कशी?" तो म्हणाला होता, आणि ती हसली होती, आणि तिला वाटलं होतं की आपला नवरा कमी बोलतो पण बोलतो तेव्हा बोलतो. दिवाळखोराने शेवटचं नाणं जपावं तसं तिने ते वाक्य जपलं होतं. फळी पुसताना झाड ती वेगळ्या कोरड्या फडक्याने पुसायची.

वायरवालीने पिशवीतून दिवा काढला, साधा, होल्डरमधला, त्याच्या दोन वायरींची टोकं सोललेली. एक टोक तिने जिवंत बाजूला लावलं आणि दुसरं हिरव्या पट्टीला. "हिरवी जमिनीला पोचली असेल तर दिवा लागतो," ती म्हणाली. दिवा लागला नाही. तिने टोक घासलं, पुन्हा लावलं. नाही. दिवा गेला असेल म्हणून तिने तो शेजारच्या चालू खटक्याच्या दोन वायरींत लावून पाहिला, तर फाडकन लागला, जिन्याखालची जळमटं दिसली, म्हातारीचे डोळे दिपले. पुन्हा हिरवीला लावला. अंधार. "उंदीर," वायरवाली म्हणाली, ठामपणे, भिंतीला भोक पाडताना होती तेवढ्याच ठामपणे. "कुठेतरी कुरतडलीय. जुन्या घरात उंदीर हिरव्या वायरीवर जास्त असतात." आणि खाली भिंतीत शिरणारी जाड हिरवी वायर तिने पक्कडीत धरली आणि हलकेच ओढली. अशी वायर ओढायला जोर लागतो, भिंतीच्या पोटातून जमिनीपर्यंत गेलेली असते. ती सहज आली. वीतभर. भिंतीतून बाहेर, मातीचा थोडा भुगा घेऊन, सापाचं पिल्लू बिळातून यावं तशी, आणि तिथेच संपली. टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. नीट, एकावर एक.

"हे उंदराने नाही केलं," वायरवाली म्हणाली.

म्हातारी वाकली. गुडघे वाजले, ते तिला ऐकू आले पण दुखले नाहीत. तिने ते टोक हातात घेतलं, सरळ हाताने. पट्टीचं शेवटचं टोक दुमडलेलं होतं, आतल्या बाजूला, नखाएवढं, म्हणजे पुन्हा कधी सोडवायची झाली तर चिमटीत धरता यावी. घरातली प्रत्येक पट्टी अशी दुमडलेली असायची. औषधाच्या पुड्यावरची, वह्यांच्या पुठ्ठ्यावरची, फुटलेल्या चष्म्याच्या दांडीवरची. मुलं लहानपणी त्याला त्यावरून चिडवायची, बाबांची पट्टी नमस्कार करते म्हणायची. जगात हजार वायरमन असतील, पण असं टोक दुमडणारा तिने एकच पाहिला होता आणि त्याच्याशी तिचं लग्न झालेलं होतं.

तिचा तोलच गेला. पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. आणि ती पडतच राहिली, उभ्या उभ्या, कारण एकामागून एक सगळ्याच पायऱ्या जाग्यावर नव्हत्या. लेक लहान होती, केस धुऊन ओल्या अंगाने न्हाणीत तिने गिझरची तोटी धरली, सरळ हाताने, आणि तिचा आवाजच बंद झाला. किंकाळी नाही, काही नाही, नुसते डोळे. म्हातारा, तेव्हाचा तरुण, धावला तो मुलीकडे नाही, जिन्याखाली. खटका पाडला. मग आला, मुलीला उचललं, आणि तिच्या थोबाडीत मारली. "किती वेळा सांगितलं पालथा हात म्हणून!" आणि म्हातारी, तेव्हाची तरुण, मुलीला पोटाशी धरून म्हणाली होती, बाबा सांगतात ते ऐकावं बाळ. मुलगी हुंदके देत म्हणत होती, चुकलं, चुकलं. तिने मुलीचा पंजा तेव्हा चुंबला होता, त्यावर लाल पट्टा उठला होता. ती गिझरला शिव्या देत होती, कंपनीला शिव्या देत होती. आणि हा दारात उभा होता, घामाने निथळत, पांढराफटक, आणि तिला वाटलं होतं, बघ, बापाचं काळीज. काळीजच होतं ते. पण त्याला काय काय ठाऊक होतं, ते तिला आज कळत होतं.

आणि त्याच्याही मागची पायरी. घरात कायमची वीज आली तो दिवस. तपासणी करणारा साहेब सही करून गेला, याने मोठा खटका ओढला आणि एकदम सगळं घर उजळलं, आणि ती दारात धावत जाऊन शेजारणींना हाका मारायला लागली. या, बघा, माझ्या नवऱ्याच्या हातची वीज. अख्ख्या गल्लीत असं काम दाखवा. बायका आल्या, माना डोलावल्या, आणि त्यांच्या नवऱ्यांनी तिथल्या तिथे याला कामं सांगितली. तो तिच्या मागे उभा होता. तिने अभिमानाने मागे वळून पाहिलं तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं, काहीतरी सांगायला घेतल्यासारखं. तिच्याकडे बघून त्याने ते मिटलं. तेच तोंड. तीच मिटायची तऱ्हा. टबाचा विषय निघाला तेव्हा तिने पाहिली, आणि मधल्या सगळ्या वर्षांत कितीदा पाहिली असेल आणि मितभाषी आहे म्हणून सोडून दिली असेल. ती आपली बोलतच होती. भिंत तुमच्या हातची. तारा तुमच्या हातच्या. तिच्या कौतुकाने त्याच्या तोंडावर एकेक पट्टी गुंडाळली होती, एकावर एक, नीट. हा विचार आला तसा तिने तो झिडकारला. आपण कौतुक केलं म्हणून माणसाने खोटं बोलावं? मग तर जगातल्या सगळ्या बायकांनी तोंडं शिवून घ्यावीत.

बाहेर फाटकापाशी काँक्रीटचा मिक्सर घरघरत उभा राहिला होता. मुलगा आत आला, घाईत, विजारीला माती. "झालं का बाई? गाडी आलीय. ओटा भरून घेऊ."

"ओटा थांबवा," वायरवाली म्हणाली. "तुमच्या घराला अर्थिंगच नाही. आधी खड्डा घ्यावा लागेल, त्यात तांब्याची पट्टी पुरावी लागेल, आणि इथला कातळ बघता वेळ लागेल. ओटा भरलात तर मग जागा राहणार नाही."

मुलाने आईकडे बघितलं, मग वायरीकडे. त्याला कळलं नाही. कळलं असतं तरी गाडी फाटकात उभी होती. "असं करू ना," तो म्हणाला, "पाइप टाकून ठेवा, आत्ता जुन्याच बोर्डाला जोडा. टब येऊ दे. अर्थिंग काय, पुढच्या रविवारी करून टाकू. इतकी वर्षं काही झालंय का?"

म्हातारीने ओळखलं. आवाज मुलाचा होता, पण वाक्य जुनं होतं. हे वाक्य या घरात कुणीतरी, कुणाला न ऐकवता, एकदा बोललं होतं आणि ते भिंतीत राहिलं होतं. "गाडी परत पाठव," ती म्हणाली.

"आई, अगं ते काँक्रीट घट्ट होईल."

"मग शेजाऱ्यांच्या अंगणात ओत. माझ्या अंगणात खड्डा पडल्याशिवाय एक घमेलं पडायचं नाही. जा."

मुलगा गेला. सून दारात ओढणी तोंडाशी धरून उभी होती. तिने काही विचारलं नाही, फक्त स्वतःच्या हाताकडे पाहिलं, उलटसुलट करून. म्हातारी ती हिरवी वायर धरून पुढच्या खोलीत निघाली, पण वायर पुढे येईना. बोर्डाला बांधलेली होती ती. तेव्हा तिने ती सोडली आणि रिकाम्या हाताने गेली.

तो तिथेच होता. खुर्चीत, पाठ करून. सगळं ऐकलं होतं त्याने. मानेमागचं कातडं लोंबायला लागलं होतं आणि त्यावर पांढरे केस होते, हे तिने कधी नीट पाहिलं नव्हतं. ती फेरी घालून समोर जाऊन उभी राहिली, त्याच्या आणि त्याच्या भिंतीच्या मध्ये.

"पट्टी तुमच्या हातची आहे," ती म्हणाली.

मग म्हातारा बोलला, आणि त्याचा आवाज इतके दिवस वापरला नसल्याने खरखरीत झाला होता. "कातळ लागला होता. खणत होतो, कामावरून आलो की. कुदळ मोडली. तेवढ्यात साहेब आला, त्याने काही न बघता सही केली. मला वाटलं, रविवारी करू."

"कुठल्या रविवारी?"

त्याने तिच्याकडे बघितलं. तो खरंच आठवत होता, कुठला रविवार ते, आणि ते बघून तिला हसू फुटलं, वाईट, कोरडं हसू, ठसका लागावा तसं. "मग गिलावा झाला," तो म्हणाला. "मग फरशी. मग लोक कामं सांगायला लागले. फरशी फोडली असती तर विचारलं असतं, का फोडली."

"कोणी विचारलं असतं?"

"तू."

मिक्सर फाटकातून मागे जात होता, पीप पीप करत. तिला एकदम आपले पाय त्या निळ्या पाण्यात दिसले, गुडघ्यापर्यंत, आणि झाकण उघडून उभी असलेली सून, आणि मागच्या दारातून दिसणारी याची पाठ. "मी बसले असते त्यात," ती म्हणाली. "मुलाने मला हाताला धरून बसवलं असतं. आणि तुम्ही इथे भिंत बघत बसला असतात?"

"मी नको म्हणालो होतो."

"नको म्हणालात. का नको, ते नाही म्हणालात. पालथ्या घड्यावर पाणी घालावं तसं तुमच्याशी बोलले इतकी वर्षं. घडा भरलेला होता, आणि काय भरलं होतं ते तुम्हालाच ठाऊक." तिचा आवाज चढला होता, आणि तिला जाणवलं की खरा प्रश्न अजून तोंडातच आहे, आणि तो विचारला तर जे उत्तर येईल त्याला ठेवायला तिच्याकडे जागा नाही. तरी तिने विचारला. उजवा हात पुढे केला, सुरकुतलेला, बांगड्या आता सैल, आणि तो वळवला. "हे. पहिल्या दिवशी. हे कशासाठी केलं होतंत?"

म्हाताऱ्याने हात बघितला. त्याचे डोळे भरले होते, भरू देत. "तुला लागू नये म्हणून," तो म्हणाला.

आणि यात खोटं काही नव्हतं. तेच तर होतं. जे ऐकायला ती आयुष्यभर थांबली असती, तेच वाक्य त्याने आज प्रथम तोंडाने उच्चारलं होतं, आणि वरचं रबर निघालेल्या तारेसारखं ते तिच्या हातात उघडं पडलं होतं. तिला टाकता येईना, धरता येईना. खोलीत अंगणातल्या ओल्या मातीचा वास येत होता. मागे वायरवाली मुलाला सांगत होती की खड्डा माणसाच्या उंचीच्या वर न्यावा लागेल, मीठ लागेल, कोळसा लागेल, नेहमीसारखं तोंडात स्क्रू धरून, आणि जग चाललेलंच होतं. म्हातारीने हात खाली घेतला. पदराला पुसला, कोरडा असून. मग ती बोलली, मागच्या अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात, कारण हळू बोलायची तिला कधी सवय नव्हती आणि ती आता लावून घ्यायचं कारणही नव्हतं.

"उठा. कातळ अजून तिथेच आहे. माणसं खणतील, तुम्ही कडेला उभं राहायचं आणि कुणी विचारलं काय चाललंय, तर तुमच्या तोंडाने सांगायचं. लेकीला फोन तुम्ही करायचा. तिला सांगायचं, तेव्हा तू चुकली नव्हतीस. आणि टब आला की पहिल्यांदा त्यात तुम्ही बसायचं, मी काठाशी उभी राहीन. तुम्ही दुष्ट असतात तर मला कधीच कळलं असतं, दुष्ट माणूस मला वासाने कळतो. भित्रे आहात तुम्ही. या गल्लीत घराघरातली वीज जमिनीत नेऊन पुरलीत, आणि स्वतःच्या घरात बायकोचा हात पालथा केलात."